दुसऱ्या मजल्यावरची येळवस

लातूरच्या माझ्या घरात चंगळ होती ती एकाच गोष्टीची, पाण्याची. तिथे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आलं की अख्खी इमारत ड्रम, बादल्या, कळश्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवते आणि पुढच्या पाण्यापर्यंत ते पुरवते. माझा एकटीचा निळा ड्रम मात्र अर्धासुद्धा रिकामा व्हायचा नाही. नवं पाणी आलं की जुन्या पाण्याने मी फरशी पुसायची. खाली राहणाऱ्या घरमालकीण काकू कौतुकाने म्हणायच्या, "लई चांगल्या भाडेकरू हाव तुम्ही मॅडम. पाणीच लागत न्हाई तुम्हाला." मला ते कौतुक टोचायचं.

मी बडोद्याची. घरी मराठी, दाराबाहेर गुजराती, अशात वाढलेली. आई गेल्यापासून घरी मी आणि बाबा दोघंच होतो. सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेची नोकरी निघाली. मुलाखत नांदेडला झाली, नेमणूक लातूरला मिळाली. निघताना बाबा म्हणाले, "तुझी खोली तशीच ठेवतो. नाही जमलं तर सरळ परत ये." मला तो टोमणा वाटला. नाही जमलं तर म्हणजे काय? जमवून दाखवीन, असं मनाशी म्हणत मी गाडीत बसले.

सुरुवातीला मुलींच्या वसतिगृहात राहिले. तिथे सगळ्या डॉक्टर व्हायला निघालेल्या, रात्रंदिवस पाठांतर करणाऱ्या पोरी. जूनमध्ये क्लास सुरू झाले, नव्या मुली आल्या आणि मला सांगितलं गेलं की ताई, तुम्ही दुसरीकडे बघा. लातुरात घर शोधणं म्हणजे त्या क्लासवाल्यांशी स्पर्धा. गावाकडून मुलांना घेऊन आलेल्या आया वर्षाचं भाडं एकरकमी मोजायला तयार असतात. एकट्या बाईला पाहिलं की मालक आधी विचारायचे, "बाकीचे कवा येणारेत?" बाकीचे नाहीतच म्हटलं की घर आदल्या दिवशीच गेलेलं असायचं. काकूंनी तेवढं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि किल्ली दिली. भाड्यात अर्धा पगार जायचा. अनामत रकमेत होतं नव्हतं ते गेलं. घरात आले ते एक गादी, प्लॅस्टिकची एक खुर्ची आणि एका शेगडीचा गॅस घेऊन. पहिल्या संध्याकाळी मी दाराची कडी आतून लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. खूप आनंद झाला होता. तो कोणाला दाखवावा हे मात्र कळेना.

इमारतीतल्या बाकी घरांत आया आणि त्यांची अभ्यास करणारी मुलं. टीव्ही बंद, भांडण बंद, कुकरची शिट्टीसुद्धा दबकत व्हायची. जिन्यात भेटलेल्या बायका कुजबुजत बोलायच्या आणि लगेच घरात जायच्या. रविवारी संध्याकाळी माझ्या लक्षात यायचं की शनिवारी दुपारपासून मी तोंडातून शब्दच काढलेला नाही. मग उगाच खाली जाऊन दुकानदाराला साबणाचे भाव विचारायची. बाबांना फोनवर मात्र सांगायची, "मजेत आहे, घर मस्त हवेशीर आहे." हवेशीर होतंच. हवा अडवायला घरात काही नव्हतं.

हिवाळ्यात सगळीकडे एकच विषय सुरू झाला, येळवस. वेळा अमावास्येला ह्या भागात सगळी माणसं शेतात जातात, कडब्याच्या खोपीत पूजा करतात आणि तिथेच जेवतात. कारखान्यात जो तो मला विचारायचा, "तुमचं शेत कुठं हाय?" बडोद्यात शेत कुठून येणार! नाही म्हटलं की समोरचा म्हणायचा, "मग या की आमच्या शेताला." इतके जण इतक्या सहज म्हणाले की त्यात कुणाचंच खरं नसावं, असं मी धरून चालले. काकूही जिन्यात म्हणाल्या, "येळवशीला या बरं का मॅडम. मुरुडच्या अलीकडं, कमानीतून आत. कुणालाबी इचारा." मी हसून म्हणाले, "हो हो, येईन की." आमच्याकडे खरंच बोलवायचं असेल तर माणूस वेळ ठरवतो, आदल्या दिवशी फोन करतो, सकाळी पुन्हा करतो. नुसतं "या बरं का" हे जिन्यातून उतरताना बोलायचं असतं.

येळवशीच्या सकाळी इमारत लवकरच उठली. चक्क मोठ्या आवाजात बोलणी, हसणं, डब्यांचे आवाज. आंबिलीची मडकी सांभाळत माणसं जीप-रिक्षांत बसली आणि गेली. काकूंचं घर तर पूजेच्या तयारीला पहाटेच शेतावर गेलं होतं. अभ्यासाची मुलंसुद्धा गेली. मी दार लोटून आत उभी होते. कोणी दार वाजवलं तर कपडे बदललेले असावेत म्हणून चांगला ड्रेस घातला होता, हे आज सांगायला हरकत नाही. कोणी वाजवलं नाही.

दूध आलं नाही. भाजी आणलेली नव्हती. काही मिळतंय का बघायला गंजगोलाईच्या बाजारापर्यंत चालत गेले. एरवी जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे सगळी शटरं खाली, हातगाड्या ताडपत्रीखाली, खानावळीला कुलूप. संचारबंदीत निदान पोलीस तरी असतात. भर दुपारी रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं आरामात झोपलं होतं. एवढ्या मोठ्या गावात ज्याला जायला शेत नाही असे आम्ही दोघंच, असं वाटलं आणि मी तिथेच रडले. बघायला कोणी नव्हतं म्हणून मनसोक्त रडले.

घरी येऊन बाबांना फोन केला. "बाबा, नाही जमत मला. परत यायचंय."

ते एक क्षणही थांबले नाहीत. "रविवारी येतो न्यायला. टेम्पो ठरवू का? सामान किती आहे?"

"एक गादी, एक खुर्ची."

"मग रेल्वेनेच आणू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका उत्साह मी आई गेल्यानंतर ऐकला नव्हता. मला तेव्हा वाटलं, स्वतःचं खरं झालं म्हणून खूश आहेत. मी नुसता वरणभात लावला आणि उभ्याउभ्याच खाल्ला.

दिवस मावळता मावळता दार धडाधड वाजलं. काकू. पदराला माती, हातात डबा, चेहरा लाल.

"बरं हाय ना अंगात? मला वाटलं ताप-बिप आला काय."

"नाही, बरी आहे."

"मग आली का न्हाईस?" त्या पहिल्यांदाच मला 'मॅडम' सोडून एकेरीत बोलत होत्या. "तुझे काका दोन तास कमानीपाशी थांबले. तू चुकशील म्हणून. आम्ही सगळे तसेच बसलो. लेकरं भुकेली झाली तवा पूजेपुढं तुझं पान वाढून ठिवलं अन् मग खाल्लं."

"तुम्ही फोन नाही केलात," मी म्हणाले. म्हणताना माझं मलाच कसंतरी झालं.

"घरातल्याला फोन करून बोलवतेत व्हय? या म्हणलं होतं की! तू हो म्हणलीस की! आता काय पत्रिका छापावी का?"

डबा माझ्या हातात कोंबून त्या तरातरा खाली गेल्या. डब्यात भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर. सगळं गार, पण कोणीतरी दाबून दाबून भरलेलं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, हे मला तेव्हा कळलं. शेतातल्या साऱ्या ओल्या शेंगांची आणि पालेभाज्यांची ती एकत्र शिजवलेली भाजी. मी खुर्चीवर बसून सगळी खाल्ली. मग खाली जाऊन काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "पुढच्या साली लवकर ये." पुढच्या साली मी इथेच असणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. वर येईपर्यंत मीही धरलं.

बाबांना पुन्हा फोन केला. "बाबा, रविवारी येऊ नका. राहते मी इथेच. आता जमेल."

"बरं," ते म्हणाले. "छान. मी आपला दुपारी खोली झाडून, चादर बदलून ठेवली होती. असू दे. केव्हातरी करायचीच होती."

मला वाटत होतं की एकटी मीच आहे.

"बाबा, तुम्ही या ना इथे," मी घाईने म्हणाले. "घर आहे, पाणी आहे. कधीही या."

"हो हो," बाबा हसून म्हणाले, "येईन की."