केसरीकाकांच्या जागेवर दिपाली

पत्त्यांत आपल्याला कोणी हरवू शकत नाही, असं दिपालीचं प्रामाणिक मत होतं. कामतघरच्या चाळीत वाढलेली ही पोरगी लग्न होऊन मानकोलीला आली, ती मतं सोबत घेऊनच. नवरा भाविक ट्रान्सपोर्टच्या धंद्यात. बिलं करायला त्यानं घरात कॉम्प्युटर आणला, इंटरनेट घेतलं आणि काम बायकोच्या गळ्यात टाकलं. बिलं तासाभरात उरकायची. मग दिपाली ‘कामतघर क्वीन’ हे नाव लावून फुकटच्या चिप्सवर ऑनलाइन पोकर खेळायला बसायची. पलीकडे कोण ब्राझीलचा, कोण पोलंडचा. बाईनं सगळ्यांना पाणी पाजलं होतं.

खेळता खेळता तिची टीव्हीवर टीका चालू असायची. सिनेमातला हिरो शेवटचं पान इतकं सावकाश का उघडतो? खाली तीन एक्केच असणार हे थिएटरातल्या पॉपकॉर्नवाल्यालाही ठाऊक असतं. मालिकेतल्या सासवांना तर पत्त्याला बसवूच नये. मनात काही आलं की तीनदा तोंड दाखवतात, वर ढोल वाजतो. गाण्याच्या स्पर्धेतले परीक्षक मात्र तिला पक्के खेळाडू वाटायचे, कारण हवं तेव्हा रडता येणं ही काही साधी गोष्ट नाही.

एवढं असूनही घरच्या डावात तिला जागा नव्हती. गौरीच्या दुपारी ओटीवर तीन पत्तीचा डाव पडायचा. सासरे चांगदेव, त्यांचे धाकटे भाऊ केसरीनाथ आणि पुतण्या मनोज. देवासमोर पैसा लावायचा नाही म्हणून चिंचोके. बायकांना कोणी मनाई केली नव्हती. फक्त ‘मग चहा कोण करणार?’ इथंच हा विषय दरवर्षी संपायचा. दिपालीला ते फार लागायचं. ब्राझीलला हरवणाऱ्या बाईनं कपबश्या मोजत उभं राहावं, हे तिला पटत नव्हतं.

त्या वर्षी डाव रंगात आला आणि केसरीकाकांचा फोन वाजला. वडप्याच्या गोदामात गाडी अडकली होती. ते चरफडत उठले. दिपालीनं हातातला ट्रे खाली ठेवला आणि ती सरळ त्यांच्या जागेवर बसली.

“मामा, मी खेळते,” ती सासऱ्यांना म्हणाली.

मनोज हसला. “वहिनी, हा तुमचा कॉम्प्युटर न्हाय.”

“म्हणून तर बसले. तिथं तोंडं दिसत नाहीत. इथं तुमचं दिसतंय.”

चांगदेवांना हसू आवरेना. “बस गो. पण केसरी येईपर्यंत. त्याचे चिंचोके सांभाळ.”

ते सांभाळायचं राहिलं बाजूला, तिनं वाढवायला घेतले. चेहरा न दिसणाऱ्या खेळानं तिला एक गोष्ट शिकवली होती: माणूस चाल टाकायला किती वेळ घेतो ते बघायचं. मनोज हातात काही नसलं की झटकन टाकायचा. एकदा त्यानं अशीच ऐटीत चाल टाकली. दिपालीनं शांतपणे शो मागितला आणि त्याचं पितळ उघडं पडलं. आतल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. दिपालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात केसरीकाका परतले आणि तिच्या पाठीशी येऊन थांबले. हा डाव संपला की जागा सोडावी लागणार होती. मनोज पानं टाकून पॅक झाला होता. समोर उरले होते खुद्द सासरे. दिपालीच्या हातात तीन बदाम, त्यांत एक्का. तिनं पुढ्यातले जवळजवळ सगळे चिंचोके मध्ये सरकवले आणि पानं पसरली. “शो! कलर!”

चांगदेवांनी पंजी, छक्की, सत्ती मांडली. रंग तीन, पण ओळीनं.

“मग? कलर मोठा ना?” तिच्या तोंडून गेलंच.

ओटीवर हास्याचा स्फोट झाला. पोकरमध्ये कलरपुढे सिक्वेन्सची डाळ शिजत नाही. तीन पत्तीत नेमकं उलटं. लहानपणापासून हे तिला पाठ होतं, पण वर्षभर कॉम्प्युटरपुढे बसून तिकडचाच हिशेब डोक्यात बसला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ऊठ गो,” केसरीकाका म्हणाले. “माझी जागा.”

दिपाली उठायला लागली आणि थांबली. चांगदेवांच्या ओटीवर एक नियम होता, आणि तो सगळ्या मानकोलीला ठाऊक होता. शोमध्ये हरेल त्यानं पुढचे पत्ते पिसायचे, आणि पिसणारा डाव सोडून जात नाही. जिंकली असती तर शाबासकी घेऊन चुपचाप आत गेली असती.

तिनं बैठक मारली आणि गड्डी ओढली.

“मामा, हरला त्यानं पिसायचं. तुमचाच नियम हाय.”

चांगदेव स्वतः थोडे सरकले आणि शेजारची सतरंजी थोपटली. “केसरी, तू इकडं बस. आता चौघं.”

दिपालीनं पत्ते असे फर्रकन पिसले की दारातल्या बायका खूश झाल्या. मग तिनं मनोजकडे पाहिलं.

“भावोजी, मी वाटते तोवर तेवढे कप आत ठेवून या.”

मनोजनं चांगदेवांकडे पाहिलं. ते पानं घ्यायला हात पुढे करून बसले होते. मनोज उठला आणि त्यानं ट्रे उचलला.