चौदा सेकंदांचा रस्ता

सदर नावाच्या वस्तीतल्या आमच्या चौकात पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा चौदा सेकंद जळायचा. ते चौदा सेकंद माझे होते. महापालिकेच्या वाहतूक विभागातल्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी साहेबांनी हातात स्टॉपवॉच देऊन सांगितलं, "चालून पाहा अन् लिहून आणा." मी सव्वीस वर्षांचा, जेवणाची सुट्टी झालेली, डबा टेबलावर. सपासप रस्ता ओलांडला, चौदा लिहिले, पुढे 'पुरेसे' असा शेरा मारला आणि सही ठोकली.

पुढे आमच्या कार्यालयात जे नेहमी होतं तेच झालं. दर वेळी सिग्नलच्या वेळांचा तक्ता नवा बनायचा आणि पायी चालणाऱ्यांच्या रकान्यात 'मागीलप्रमाणे' लिहिलं जायचं. रस्ता रुंद झाला, मध्ये दुभाजक आला, तरी मागीलप्रमाणे. निवृत्त होईपर्यंत मीही तो शब्द कितीदा लिहिला असेन, देव जाणे. सरकारी कागदावर आकडा एकदा बसला की त्याला उठवायला कोणी जात नाही.

माझी आई निवृत्त शिक्षिका. वय ऐंशीला टेकलं, गुडघ्यांनी कधीच असहकार पुकारला. चौकापलीकडच्या बुद्धविहारात दुपारी चारला ती धुणीभांडी करणाऱ्या बायकांना वाचायला शिकवायची. गेल्या वर्षी एकदा ती मध्यावर असतानाच दिवा लाल झाला. दोन्हीकडून गाड्या सुटल्या आणि ती दुभाजकाला चिकटून, पदर आवळून उभी राहिली. घरी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मले आता रस्ता पुरत नाही गा."

मी म्हटलं, "मी सोडून देत जाईन वं माय तुले."

दोन दिवस तिनं माझा हात धरू दिला. तिसऱ्या दिवशी झटकला. "मी काय पार्सल आहो काय?"

वर्ग बंद पडला. चार वाजले की ती पलंगावर बसून भिंतीकडे बघायची. तिच्या बायका जोडाक्षरांपर्यंत पोचल्या होत्या, तिथंच अडकल्या. मला स्वतःचा भयंकर राग यायचा आणि तो मी बिचाऱ्या भाजीवाल्यावर काढायचो.

शेवटी जुन्या कार्यालयात गेलो. तिथं आता एक तरुण अभियंता मॅडम होत्या. तक्ता पुढ्यात ठेवून मी कबूल केलं, की हा आकडा रस्त्याचा नाही, माझ्या भुकेचा आहे. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"काका, पुन्हा मोजू," त्या म्हणाल्या. "पण या वेळी तुम्ही नाही चालायचं."

मंगळवारी चारला आई आणि गल्लीतल्या तिच्या तीन मैत्रिणी कडक इस्त्रीची पांढरी पातळं नेसून कोपऱ्यावर हजर. चौकातल्या हवालदारानं गाड्या रोखून धरल्या. दिवा हिरवा झाला आणि चौघी अशा सुटल्या, की मी बघतच राहिलो. एकोणीस सेकंदांत पलीकडे! मॅडमनी वीस लिहायला पेन उघडलं. मी कपाळाला हात लावून आईकडे धावलो.

"काहून पळून राहिल्या तुम्ही?"

तिला धाप लागली होती, पण चेहरा शर्यत जिंकल्यासारखा. "मॅडम पाहून राहिल्या ना! त्याइच्यासमोर म्हातारं दिसाचं काय मंग?"

तपासणीला साहेब येणार म्हटलं की शाळा झाडून-सारवून चकचकीत करण्यात जिचा जन्म गेला, ती साहेबासमोर लंगडणार कशी? आणि मी तरी दुसरं काय केलं होतं? साहेबांना आवडेल तेच लिहून दिलं होतं.

मॅडम हुशार. पेन बंद करून म्हणाल्या, "आजी, मी चहा पिऊन येते. तोवर परत घराकडच्या बाजूला जाऊन पिशवीत पुस्तकं घ्या आणि वर्गाला निघाल्यासारखं सावकाश जा." त्या टपरीमागे गेल्या आणि तिथूनच मोजलं. एकतीस सेकंद. त्यात एकीची चप्पल निघाली, आणि आईनं पांढऱ्या पट्ट्यांवर चढलेल्या मोटारसायकलवाल्याला झापलं, "माघारी घे गा! ह्या पट्ट्या तुह्यासाठी हायेत काय?" त्यानं मुकाट्यानं गाडी मागं घेतली.

"भांडायचा वेळही धरायचा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तो धरला.

कागद हलायला काही महिने लागले. मी दर सोमवारी जाऊन बसायचो. शिपाई मला बघून पंखा लावायचा. अखेर त्या रकान्यातला जुना शब्द लाल शाईनं खोडला गेला आणि छत्तीस आले. पट्टे नव्यानं रंगवले, गाड्यांची थांबायची रेघ मागं सरकली, दुभाजकात टेकायला जागा झाली.

पहिल्या दिवशी आई एकटी निघाली. मी अलीकडे उभा. सिटी बस, ऑटो, चकाकत्या गाड्या, सगळे गुरगुरत थांबले होते आणि त्यांच्यासमोरून माझी आई पिशवी सांभाळत, अजिबात घाई न करता चालली होती. पलीकडे पोचली तेव्हा पाच सेकंद शिल्लक होते. मला रडू आलं. लपवलं नाही, का लपवू? आम्ही जिंकलो होतो.

सवयीनं साडेपाचला मी तिला आणायला गेलो. ती पलीकडच्या कोपऱ्यावर आपल्या विद्यार्थिनींच्या घोळक्यात उभी होती. मी दिसताच हॉर्नच्या वर आवाज चढवून ओरडली, "तू काहून आला? जाय घरी! मी येईन ना!"

मी मागे वळूनही न बघता घरी आलो.