पाग धरायचे दात

हिरामणने कवळी बसवून घेतली ती भाकरी खाता यावी म्हणून, असंच घरातले सगळे समजत होते.

निकेत, त्याचा मुलगा, मालाचा ट्रेलर चालवायचा; तो एक दिवस उभा ठेवून त्याला अलिबागला घेऊन गेला. दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. साचा घेऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "आजोबा, जास्त काय खाता? मटण? सुकी मच्छी?"

"खायचं सोडा," हिरामण म्हणाला. "ओढ लागंल असं काय धरलं, तर राहील का?"

बाई हसल्या. म्हाताऱ्यांच्या थट्टेची त्यांना सवय असावी. हिरामणनेही पुन्हा विचारलं नाही.

तो थट्टा करत नव्हता. त्याच्याकडे पाग होता, हाताने फेकायचं गोल जाळं. काठाला शिशाचे मणी, मधोमध बांधलेली दोरी, आणि त्या दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकताना अर्धं जाळं खांद्यावर घ्यायचं, अर्धं हातात, आणि काठाचा एक मणी दातांत धरायचा. अंग वळतं, हात सुटतात, आणि सगळ्यात शेवटी दात सोडतात. तेव्हाच जाळं हवेत गोल उघडतं. दातांनी घाई केली तर त्याचं गाठोडं होऊन पडतं. उशीर केला तर माणूसच जाळ्यामागे ओढला जातो. सोडायची ती वेळ हिरामणला चाळीस वर्षं दातांनी कळत आली होती. डोळ्यांना ती कधी कळली नाही, हातांनाही नाही.

मांडव्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी त्यांचा बांध आहे. दसरा उलटला की तिथलं गढूळ पाणी निवळतं आणि वीतभर बोईट माशांचे थवे भरतीबरोबर दगडांना घासत आत शिरतात. कोजागिरी झाली की ते खोल खाडीत निघून जातात. वर्षाचे ते चार-पाच दिवस. गेल्या वर्षी त्याच दिवसांच्या आधी हिरामणचे समोरचे शेवटचे दोन दात पडले. त्याने हिरड्यांनी मणी धरून पाहिला, पण मणी निसटला आणि जाळं ओल्या गोधडीसारखं पाण्यात पडलं. बांधावर गळ टाकून बसलेला तुकाराम ओरडला, "काय रं हिरामण, कपडे धुतोस काय?" बांधावरचे सगळे हसले, हिरामणही हसला. घरी आल्यावर त्याने पाग खुंटीला लावला, तो वर्षभर काढला नाही. 

यंदा दहाच्या भरतीला तो पुन्हा दगडावर उभा राहिला. मागे सोनूबाई, त्याची बायको, टोपली घेऊन. कवळीत मणी घट्ट बसला. समोर पाण्यावर शहारा आला, एक काळसर पट्टा किनाऱ्याला चिकटून सरकू लागला. हिरामणने अंग वळवलं.

जाळं उघडलं. तिशीत उघडायचं तसं, पूर्ण गोल. पण सोडायचा होता तो मणी, आणि सुटली वरची सगळी कवळी. त्या गोलाबरोबर एक गुलाबी-पांढरं काहीतरी उडत जाताना हिरामणला दिसलं. मग मण्यांचा एकच आवाज झाला आणि पाणी मिटलं.

जाळ्यात अर्धी टोपली बोईट आली. शेवाळ आलं. कवळी आली नाही.

"अवो, तोंड असं का झालं?" सोनूबाईने विचारलं. त्याने पाण्याकडे बोट केलं. ती मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

तुकारामने बांधावरून पाहिलंच होतं. "बोईटांना दात वाटतोस काय? उद्या तीच तुला पकडतील बघ!"

"आता भाकरी कशानं खाल?" डोळे पुसत सोनूबाई म्हणाली.

"भाकरी मी कधी सोडली? कालवणात बुडवून खातच हाय की."

"मग दात कशाला—" ती बोलता बोलता थांबली. त्याच्या मनगटावरच्या दोरीकडे तिने पाहिलं. हसणं तिथेच संपलं.

ओहोटीला दोघांनी गुडघाभर चिखल चाचपला. कवळी मिळाली नाही. संध्याकाळी निकेतचा फोन आला तेव्हा सोनूबाईने परस्पर सांगून टाकलं, "धुताना पडली रं, माझ्याच हातून."

दुसऱ्या दिवशी भरती पावणेअकराची. हिरामण पाग घेऊन गेला. न जाऊन घरी काय करायचं, ते त्याला सुचेना. दगडावर उभा राहून त्याने मणी हिरड्यांत धरला. तो गार आणि गुळगुळीत होता, जिभेवरून घसरत होता. थवा आला. हात उचलला गेला आणि तसाच राहिला.

त्याने जाळं फेकलं नाही, म्हणूनच त्याला ते दिसलं. चाळीस वर्षं त्याने थव्याचं फक्त डोकं पाहिलं होतं. डोकं दिसलं की फेकायचं, मग वाकून दोरी ओढायची. मागचं कधी पाहिलंच नव्हतं. आता तो पट्टा संपेचना. हजारो बोईट एकदम वळत, पाण्यात एक लकाकी जाई, आणि पुन्हा काळोख होई. मग शेपूट संपलं. थोडं रिकामं पाणी गेलं. आणि त्या रिकाम्या पाण्यामागून, हातभर लांबीचा, मातकट, एक जिताडा आला, बोईटं खाणारा मोठा मासा. मागे आणखी एक. त्यांना घाई नव्हती. पुढचे कुठे जाणार ते ठाऊक असल्यासारखे ते त्याच्या पायांजवळून गेले. इतकी वर्षं हे माझ्या पाठीमागून जात होतं, हिरामणच्या मनात आलं.

"टाकलं का न्हाय?" सोनूबाईने विचारलं.

"बघत होतो."

"काय?"

"मागनं कोण येतंय ते."

मग त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. मिशेरीने काळे पडलेले तिचे दात, पण सगळे जागच्या जागी.

"सोनू, हा मणी धर गो."

"कुठं?"

"दातांत."

"शी! चिखलाचा वास येतो त्याला."

"मग चाळीस वर्षं मी काय पेढा धरत होतो?"

तिने बांधाकडे पाहिलं. तुकाराम गळ विसरून बघत होता. "वहिनी, आता तुझी कवळी जायची!"

"भावजी, तुम्ही तुमचे दात मोजून ठेवा," सोनूबाई म्हणाली आणि पदर खोचला.

फाटलेला पाग इतकी वर्षं तीच विणत आली होती. त्याचा वजनदार काठ कुठला आणि हलका कुठला, ते तिला सांगावं लागलं नाही. हिरामणने अर्धं जाळं तिच्या खांद्यावर टाकलं.

"मी सांगन तवा सोड."

"दात माझे, नि सांगणार तुम्ही?"

"मी बघन."

तिने सोडलं ते उशिरा. जाळं दुमडलेल्या भाकरीसारखं पडलं. त्यात एक खेकडा आला. तिच्या ओठाला जरा खरचटलं. दुसऱ्यांदा फेकलं ते थोडं अधिक उघडलं, पण आता खाली कुणी नव्हतं. भरती वळली होती.

सोनूबाईने तोंडातला चिखल थुंकला.

"उद्या कितीला?"

"साडेअकरा."

तिने जाळं झटकलं, घडी घातली आणि स्वतःच्याच खांद्यावर घेऊन बांध चढू लागली. हिरामणने टोपली उचलली. आत एक खेकडा खुडबुडत होता. ही टोपली आजवर तीच नेत आली होती. ती काखेत धरावी की डोक्यावर, हे त्याला घर येईपर्यंत नीट ठरवता येईना.