आवाजामागे जाणारा पाणतीर

नौदलात लागून वर्षही झालं नव्हतं, आणि मी सुटीवर मारेगावला आलो तो परत न जायचं ठरवूनच. कारण भीती. पाण्याची नाही, पाणतीराची, म्हणजे टॉर्पेडोची; आणि तोही शत्रूचा नाही, आपलाच. हे घरी कोणत्या तोंडानं सांगणार? कापसाचे वाईट दिवस होते. बाबा ज्या जिनिंगमध्ये फिटर होते ती बंद पडली होती आणि घर माझ्या पगारावर चालत होतं.

यंत्राचा विषय निघाला की बाबांची तहानभूक हरपे. एका दुपारी बाजेवर बसून त्यांनी पाणतीरावरून माझी उलटतपासणीच सुरू केली.

"चालते कायनं तो?"

जुना पाणतीर दाबलेल्या हवेवर तेल जाळतो, मी सांगितलं. वेग चांगला, पण मागे बुडबुड्यांची रेघ सोडतो. चोरानं चिखलात पाय उमटवत जावं तसं. बॅटरीवरचा रेघ सोडत नाही, पण त्याला दम कमी.

"अन् सरळ जाते कसा?"

"पोटात भोवऱ्यासारखं चाक फिरते, बाबा. तोंड वळलं का ते सुकाणू जागेवर आणते. काहींच्या मागून बारीक तार सुटत जाते, तिच्यावरून आपन त्याले हाकतो. अन् नवा तं जहाजाच्या पंख्याचा आवाज आयकून तिकडंच वळते."

बाबा बाजेवर पुढे सरकले. "आवाजामागं जाते, तं आपलाच आवाज आयकून माघारी आला तं?"

नेमकी हीच माझी भीती. जुन्या लढाईत पाणतीर गोल फिरून सोडणाऱ्याच पाणबुडीवर आदळल्याचं आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी वर्गात सांगितलं, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नव्हतं. मी उगाच भडकलो. "तुमाले काय समजते त्यातलं?"

बाबा रागावले नाहीत. "भेव लागून राह्यलं तुले," ते म्हणाले. "नको जाऊ मंग. पाहू आपन काय तं."

आठ दिवस मी याच वाक्याची वाट पाहत होतो. ते आलं आणि मी जास्तच घाबरलो. 'पाहू' म्हणजे काय, ते मला दिसत होतं: या वयात बाबा लोकांच्या पंपाचे नट आवळत दारोदार फिरणार.

"भेव कायचं?" मी म्हणालो. "तो माघारी वळला का आपोआप बंद पडते. तशी कळच असते त्यात."

"पायली तू?"

"पायली ना."

पाहिली नव्हती. नुसती ऐकली होती. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, उठले, आणि आत जाऊन आईला म्हणाले, "बॅग भर त्याची. कळ पायली म्हणते तो."