न मागता यायची माळ

आमच्या दिग्रसच्या गल्लीत विमलताईंकडे रिकाम्या हाताने बसायची सोय नाही. चहा यायच्या आत त्या जुन्या कॅलेंडरचा चौकोनी कागद पुढे सरकवतात. "घाल घड्या, हाताले काम पायजे."

अंगणवाडीतली मदतनिसाची नोकरी संपली तशा त्या मोबाइलवर बघून कागदाचे जपानी पक्षी करायला शिकल्या. पक्षी खरा क्रौंच; गल्लीने त्याचा बगळा केला. बगळ्यांची माळ शुभ म्हणून घरोघर फिरते. कुणाची परीक्षा असते, कुणाचं ऑपरेशन. काम झालं की आपला एक बगळा ओवायचा आणि माळ पुढच्या गरजवंताला द्यायची. नियम एकच, ताईंनीच केलेला: माळ मागायची नाही. न मागता आली तरच लाभते.

या नियमाने त्यांनाच गाठलं. लेक मोनाली बाळंतपणाला आली होती. पहिलं बाळ पोटातच गेलेलं, त्यामुळे ताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि माळ होती समोरच्या सुखीबाईंकडे, नातवाच्या बारावीपासून. त्यांनी ती दारावर तोरण म्हणून बांधली होती. बांधलेलं तोरण दसऱ्याशिवाय उतरवायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज.

"नवी करा ना," मी म्हटलं.

"नवी म्हंजे नुसता कागद. चार घरचे हात लागले पायजेत तिले."

"मग मागा."

"मीच नियम केला अन् मीच मोडू?"

शेवटी मीच सुखीबाईंकडे गेले. मागायचं नाही, असं घोकत गेले. "मोनालीला उद्या पुसदच्या दवाखान्यात नेतात," एवढंच बोलले.

"नवी माळ घेतली ना संगं?"

"नवी माळ ताई मानत नाहीत."

सुखीबाई वर दाराकडे बघतच राहिल्या. "अवो, बगळ्याईचा कारखाना तिच्या घरी! मले वाटलं, तिले काय कमी?" मग आत वळून ओरडल्या, "अवो, आंब्याचे डहाळे आणा! दार बिनतोरणाचं नाही ठेवत मी."

"दसऱ्याले टाइम आहे अजून," खाटेवरून त्यांचे यजमान खेमसिंगभाऊ म्हणाले.

"लेकरू थांबते का तुमच्या दसऱ्यापर्यंत?"

दारावर आंब्याची पानं चढली, माळ खाली आली. उन्हाने रंग उडालेला, वर धूळ. सुखीबाई ती घेऊन थेट विमलताईंच्या ओसरीवर बसल्या आणि आपला बगळा करू लागल्या. चोच काही केल्या निघेना.

"हा बगळा व्हय का कोंबडी?" ताईंनी विचारलं.

"कोंबडीच समज. लेकराले ऊब तरी देईन."

ताई हसल्या, मग पदराने डोळे पुसत त्यांनीच ती कोंबडी दोऱ्यात ओवली.

मोनालीला मुलगी झाली, चांगली ठणठणीत. मी दवाखान्यात बघायला गेले तर तिच्या खाटेजवळ माळ नाही. शेजारच्या खाटेवर महागावची एक पोर कळा देत होती, एकटीच. माळ तिच्या उशाशी होती.

"इतक्या लवकर दिलीत?" मी म्हटलं.

"आपलं झालं ना काम," ताई म्हणाल्या, आणि त्या पोरीची पाठ चोळायला उठल्या.