अंबाडीची जुडी

कापसाचा भाव पडला त्या वर्षी माझी बदली रत्नागिरीहून यवतमाळला झाली. आमसुलांसाठी मी किराण्याची दुकानं पालथी घातली, पण कुणाला ती ठाऊकच नव्हती. बाजार थंडच होता, त्यामुळे दुकानदार गप्पा मात्र भरपूर मारत. एका दुकानात शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "कायले पाहिजे ते?"

"आमटी आंबट करायला."

"मंग अंबाडी घ्या ना! चाला, मी दाखवतो."

त्यांनी मला भाजीबाजारात नेलं, कोवळी जुडी निवडून दिली आणि कृतीही सांगितली. त्या आमच्याच गल्लीतल्या निघाल्या. संध्याकाळी भाजी कशी झाली ते बघायला स्वतःच आल्या. घास घेऊन म्हणाल्या, "चांगली झाली, पण तेल कुठं हाये?" आणि बरणी उचलून त्यांनी कढईत धार धरली. यवतमाळातली ती माझी पहिली मैत्रीण.