चंदन लागलेली तांब्याची चकती

डॉ. रघोत्तमराव सरांना मी पहिल्यांदा भेटले ती तंजावुरातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात. कोल्हापूरहून पीएच.डी.साठी आलेली मी गुणपत्रकं छातीशी धरून उभी, आणि सर गॅसवरच्या पातेल्यात डोकावत होते. “अम्मा,” ते मलाच म्हणाले, “बुडबुडे त्याच त्याच जागेवरून कां येतात, सांग पाहू?” मला सांगता येईना. सर खूश! “शरी, बरं, मग दोघं मिळून शोधू.” गुणपत्रकं त्यांनी आजतागायत पाहिलेली नाहीत.

सरांचं सारं संशोधन या बुडबुड्यांवरचंच. धातूवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र लेप चढवला, की छिद्रांत बुडबुडे चटकन धरतात आणि उष्णता पाण्यात भराभर जाते. माझा अख्खा प्रबंध तांब्याच्या चकतीवर चढवलेल्या अशाच एका लेपावर उभा होता.

नवरात्रातली आयुधपूजा झाली आणि पाठोपाठ बाहेरचे परीक्षक प्रयोग पाहायला आले. आमच्या चकतीवर बुडबुडे धरेनात! “यापेक्षा साधं तांबं बरं. विषय बदला,” परीक्षक म्हणाले. सगळ्यांसमोर रडले मी.

सरांनी चकती भिंगाखाली धरली, मग नाकाशी नेली. “अय्यो! चंदन!” पूजेला इकडे यंत्रांना, अवजारांना गंधकुंकू लावतात. त्या भरात सरांनी चकतीलाही मनोभावे गंध लावलं होतं. वरचं पुसलं गेलं, छिद्रांतलं आत वाळून बसलं. सर गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? पण ते तडक परीक्षकांकडे वळले. “मुलीचं काम चोख आहे. गंध मी लावलों. चकती धुऊन दाखवतो, तोवर थांबा.”

परीक्षक थांबले. चकती धुतली, पुन्हा पाण्यात उकळत ठेवली, आणि आधी एका कडेने बुडबुडे उठू लागले, मग सगळीकडून. माझा प्रबंध वाचला. सर मात्र परीक्षकांना विचारत होते, “आता थोडं थोडं चंदन लावून पाहूया कां? किती छिद्रं बुजली की उकळणं मंदावतं, कळेल तरी!” परीक्षकांनी हसत खुर्ची पुढे ओढली.

आज मीही विद्यार्थ्यांना शिकवते. त्यांचं काही बिघडलं, की आधी स्वतःचे हात तपासते. ही सवय सरांची.

सरांनी पंचाहत्तरी गाठली. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि रोज सकाळी न सुटलेलं एक तरी कोडं त्यांच्या हाताशी असो.